उतरलेलं वजन टिकवताना

वजन उतरवण्यापेक्षा ते टिकवताना वजन-खाण्याची नोंद ठेवणारं ॲप जास्त कामी येतं, असं एका लेखात वाचलं आणि ते अगदी पटलं. मी ठाण्यात राहते. दोन वर्षांपूर्वी १४ किलो उतरवले आणि पुढच्या दिवाळीपर्यंत ५ परत आले. कळलंच नाही, कारण काट्यावर उभीच राहिले नव्हते. वजन घटलं की पोट भरल्याचा संकेत देणारं लेप्टिन हे संप्रेरक कमी होतं, भूक वाढवणारं घ्रेलिन वाढतं, भूक जास्त लागते. वर्ष उलटलं तरी हा फरक राहू शकतो. हे कोणी आधी सांगितलं असतं तर स्वतःला इतका दोष दिला नसता.

आता रोज सकाळी चहाच्या आधी ब्लूटूथ काट्यावर उभी राहते, आकडा आपोआप फोनमध्ये जातो. मिसळ खाल्ली की दुसऱ्या दिवशी ७०० ग्रॅम वाढलेले दिसतात, ते बहुतेक मिठाने धरलेलं पाणी. म्हणून सात दिवसांची सरासरी बघते. ती दीड किलोने चढली की रात्रीचा भात अर्धा आणि तलावपाळीला दोन फेऱ्या जादा. अमेरिकेत १९९४ मध्ये सुरू झालेल्या नॅशनल वेट कंट्रोल रजिस्ट्रीतले, म्हणजे वजन उतरवून टिकवलेल्यांच्या नोंदवहीतले, बहुतेक जणही आठवड्यातून एकदा तरी वजन करतात.

ॲप बनवणाऱ्यांना कळकळीची विनंती: थालीपीठ, घावन, भाकरी नीट नोंदवता येऊ द्या. आणि वाटीचं माप द्या, स्वयंपाकघरात दर वेळी ग्रॅम कुठे मोजत बसणार?