आंघोळ कोण घालणार?

सांगलीहून दादाचा फोन आला. संजय गांधी निराधार योजनेत अपंगांचे दीड हजार वाढून अडीच हजार झाले म्हणून खुशीत होता. ‘दिव्यांग’ म्हणायचं की ‘अपंग’ हा 2015 पासूनचा वादही त्याने उकरून काढला. मी विचारलं, पुतण्याला आंघोळ कोण घालतं? म्हणाला, "तुझी वहिनी. आम्ही आहोत की, परका माणूस कशाला?"

आमच्या घराण्यात स्नायूंचा आजार आहे. मला आहे, बावीस वर्षांच्या या पुतण्यालाही. मी इंग्लंडमध्ये साउथॅम्प्टनला राहते. काउन्सिल, म्हणजे इथली पालिका, मदतीसाठी माझ्या खात्यात पैसे भरते आणि मदतनीस मीच नेमते. गेल्या खेपेला तिघींच्या मुलाखती घेतल्या. एकजण सगळे प्रश्न माझ्या नवऱ्याला विचारत होती. तिला चहा पाजून निरोप दिला.

ही मुभा कुणा साहेबाच्या दयेने मिळालेली नाही. याच हॅम्पशायरमध्ये ले कोर्ट नावाचं चेशायर होम, म्हणजे अपंगांना ठेवायची संस्था होती. कधी उठायचं, कधी झोपायचं हेसुद्धा तिथे कर्मचारी ठरवत. तिथे राहिलेल्या पॉल हंटने 1972 साली ‘गार्डियन’ला पत्र लिहिलं की, संस्थांत डांबलेल्यांनी आपली संघटना उभारावी. पुढे तिथल्याच काही रहिवाशांनी ‘प्रोजेक्ट 81’ काढून काउन्सिलला पटवलं, आमच्यावर संस्थेत होणारा खर्च आम्हाला द्या, आम्ही बाहेर राहतो. तेव्हा रोख रक्कम थेट अपंगाच्या हाती देणं कायद्यात बसत नव्हतं, म्हणून पैसे संस्थेमार्फत फिरवले. कायदा व्हायला 1996 उजाडलं.

इथेही सगळं गोड नाही. जास्त मदत लागणाऱ्यांसाठीचा इंडिपेंडंट लिव्हिंग फंड सरकारने 2015 साली बंद केला. दर फेरतपासणीत आंघोळीला किती मिनिटं लागतात हे मला सांगावं लागतं. लाज वाटते अजून.

आपल्या भारतातल्या 2016 च्या अपंग हक्क कायद्यातही जास्त आधाराची गरज असलेल्याला त्यासाठी अर्ज करता येतो, कलम 38 खाली. दादाला हे ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तरी त्याने केला नसता, कारण मग ‘आम्ही आहोत की’चं काय? त्याच्या मायेबद्दल मला शंका नाही. पण वहिनीची कंबर गेली आहे, आणि तरण्याताठ्या पोराला आईकडून आंघोळ घालून घेताना काय वाटतं, हे घरात कुणी विचारलेलं नाही. मीही नाही. फोटो काढून तीनचाकी वाटणाऱ्या पुढाऱ्यांना मी नावं ठेवते, पण पुतण्याबद्दल मीसुद्धा दादाशीच बोलत होते.

मग म्हटलं, त्याला फोन दे. बराच वेळ गप्प होता. नंतर हळूच म्हणाला, "आत्या, मुलाखतीत तू काय काय विचारतेस गं?"