समाधान वाटावं कसं?

वजन ही मोठी गमतीची गोष्ट आहे. काट्यावर चढलं की ते कमी भरावं असं वाटतं आणि चारचौघांत गेलं की जास्त. तुमच्याही शब्दाला कुठे ना कुठे वजन असणारच. घरात असेल, कचेरीत असेल, निदान धाकट्या भावंडांत तरी असेल. 'छे हो, आमचं कोण ऐकतंय!' असं तुम्ही लगेच म्हणाला असाल, तर अभिनंदन. पहिला धडा तुम्ही न शिकताच पाठ केला आहे.

धडा असा की श्रेय घेताना आपलं वजन पूर्ण भरावं आणि जाब विचारला गेला की शून्य. भाच्याला नोकरी लागली, तर 'मीच शब्द टाकला होता'. त्या जागेवर ज्याचा हक्क होता तो भेटला, तर 'पद्धतच तशी आहे, आपण काय करणार'. ही दोन्ही वाक्यं कायम खिशात असावीत. एकाच दुपारी दोन्ही लागू शकतात.

शब्द टाकायचंही एक तंत्र आहे. उघड काही मागायचं नाही. 'काही विशेष नाही, सहज फोन केला,' अशी सुरुवात करावी. पंधरा मिनिटं प्रकृतीची चौकशी करावी आणि फोन ठेवता ठेवता त्या कागदाचा विषय काढावा. वर आवर्जून म्हणावं, 'नियमात बसत असेल तरच हं!' आणि हळूच हसावं. पलीकडचा माणूस नियम तपासत नाही, ते हसणं तपासतो. पुढे प्रकरण अंगाशी आलंच, तर तुम्ही नियमाचाच आग्रह धरला होता, याला साक्षीदार तोच.

बैठकीत मात्र जपून राहा. सॉलोमन ॲश या मानसशास्त्रज्ञाने 1951 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. रेषांची लांबी ओळखायची, इतकं सोपं काम. पण आधी ठरवून बसवलेली माणसं एका सुरात चुकीचं उत्तर देत आणि खऱ्या पाहुण्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश जण निदान एकदा तरी त्यांच्या सुरात सूर मिसळत. इथवर सगळं उत्तम. पुढची गोष्ट मात्र काळजीची आहे. त्या गटात एकाने जरी बरोबर उत्तर दिलं, तरी चुकांचं प्रमाण धाडकन खाली येई. एकच माणूस! म्हणजे खोलीतल्या सगळ्यांच्या माना एकदम डोलत असताना तुम्ही 'मला नाही तसं दिसत' एवढं म्हणालात, तर आजूबाजूच्यांनाही दिसायला लागण्याचा धोका आहे. तेव्हा घसा खाकरावा, पाणी प्यावं आणि बैठक संपल्यावर जिन्यात एकेकाला बाजूला घेऊन सांगावं, 'मला आधीपासून शंका होतीच.'

आता समाधानाकडे वळू. आपल्या भाषेत 'वाटणे' या क्रियापदाचे दोन अर्थ आहेत आणि बऱ्याच भाबड्या लोकांची इथेच गफलत होते. समाधान स्वतःला वाटायचं नसतं, ते इतरांना वाटायचं असतं. तेही वरून खाली. कमी पगाराच्या माणसाला सांगावं, पैशात काय आहे? ज्याचं काम यंत्राने गिळलं त्याला सांगावं, जग बदलतंय, जुळवून घे. आपल्या खुर्चीला धक्का लागला, तर मात्र तो बदल नसतो, तो मूल्यांचा ऱ्हास असतो.

या कलेतला आपला पूर्वज म्हणजे रोमचा सेनेका. गरजा कमी करा, थोडक्यात सुखी राहा, असं त्याने अतिशय सुंदर लिहून ठेवलं. तो सम्राट नीरोचा सल्लागार होता आणि त्याची गणना रोममधल्या गडगंज श्रीमंतांत होई. त्याच्याकडे हस्तिदंती पायांची 500 मेजं होती, असं कॅसिअस डिओ हा इतिहासकार सांगतो. आता अपरिग्रहावर लिहायचं म्हटलं तरी वही ठेवायला मेज लागतंच की.

स्वतः समाधानी होण्याचा प्रयत्न सोडावा, त्याला शास्त्राचाही आधार काढता येतो. 1978 सालच्या एका अभ्यासात 22 लॉटरी विजेत्यांना विचारलं, तर ते शेजारपाजारच्या माणसांपेक्षा फारसे सुखी निघाले नाहीत. उलट रोजच्या लहानसहान गोष्टींतली मजा त्यांना कमीच वाटत होती. यावरून कुणी म्हणेल, हाव आवरा. आपण म्हणावं, बक्षीस लहान पडलं असेल.

आणि त्या डायोक्लेशियनच्या नादी तर मुळीच लागू नका. या रोमन सम्राटाने 305 साली आपणहून गादी सोडली आणि समुद्रकाठच्या महालात बागकाम सुरू केलं. पुढे त्याला परत बोलावायला गेले, तर मी माझ्या हाताने लावलेला कोबी तुम्ही पाहिला असता तर असली गळ घातलीच नसती, अशा अर्थाचं काहीसं तो म्हणाला, असं सांगतात. अख्खं साम्राज्य एका कोबीपुढे फिकं! अशा माणसाचा आदर्श ठेवला, तर उद्या कुणाला फोन करायला आपलं नाव कोण सांगणार?

कोबी लावायची फारच उबळ आली, तर लावा बापडे. फोटो मात्र काढा. खाली 'साधेपणातलं सुख' असं लिहा आणि दर दहा मिनिटांनी किती जणांना आवडलं ते बघत बसा. पाणी घालायला काय, माणूस ठेवता येतो.