कर लावून आयसीईचे कंत्राटदार पळवता येत नाहीत

अमेरिकेतल्या मराठी मंडळींमध्ये एक मजकूर जोरात फिरतोय. कर लावणं हा राज्याचा हक्क, तेव्हा आयसीईला, म्हणजे स्थलांतरितांना पकडून हद्दपार करणाऱ्या केंद्र सरकारच्या यंत्रणेला, कोठड्या आणि विमानं पुरवणाऱ्या कंपन्यांवर जबर कर बसवा, सवलती काढा, त्या आपोआप गाशा गुंडाळतील आणि कोर्टही काही करू शकणार नाही, असा त्याचा सूर. स्थलांतरितांच्या धरपकडीचा राग मलाही आहे. पण हा उपाय टिकणारा नाही.

‘कर हा राज्याचा हक्क.’ आहेच. पण मेरीलँडने केंद्राच्या बँकेला डोळ्यासमोर ठेवून वर्षाला १५,००० डॉलरची पट्टी बसवली, ती सुप्रीम कोर्टाने १८१९ सालीच रद्द केली.

‘कंपनी तर खासगी आहे, सरकार नव्हे.’ हे अर्धं खरं. न्यू मेक्सिकोतल्या अणुप्रयोगशाळा चालवणाऱ्या खासगी कंत्राटदारांना १९८२ मध्ये राज्याचा कर भरावाच लागला, कारण तो इतरांनाही होता. फक्त केंद्राच्या कंत्राटदारांना वेगळं काढलं की मामला फिरतो. हॅनफर्डचा अणुकचरा साफ करणाऱ्या कामगारांना भरपाई सहज मिळावी म्हणून वॉशिंग्टन राज्याने खास कायदा केला. हेतू चांगलाच, तरी २०२२ मध्ये तो एकमताने उडाला.

‘बरं, कर नको, नुसती सवलत काढू.’ ही पळवाट सगळ्यांनाच हुशारीची वाटते. वेस्ट व्हर्जिनियाने राज्याच्या काही निवृत्त पोलिसांचं पेन्शन करमुक्त ठेवलं आणि निवृत्त यूएस मार्शलला, म्हणजे केंद्राच्या पोलीस अधिकाऱ्याला, तीच सूट नाकारली. नवा कर एका पैचाही नव्हता. तरीही २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने राज्याला एकमताने चूक ठरवलं: सारख्या कामाच्या दोघांपैकी केंद्राच्या माणसाला डावलणं हाच भेदभाव. न्यूयॉर्कच्या राज्य सिनेटर पॅट्रिशिया फाही यांनी २०२५ मध्ये हद्दपारीची उड्डाणं करणाऱ्या एअरलाइन्सची इंधनावरची करसवलत काढण्याचं विधेयक आणलं. माझ्या मते तेही याच खडकावर आपटेल.

‘राज्याने ठरवलं तर सगळं होतं.’ न्यू जर्सीने ठरवलं होतं. २०२१ च्या कायद्याने स्थलांतरितांच्या कोठड्यांचे करारच बंद केले. एडिसनहून फार लांब नसलेल्या एलिझाबेथच्या कोठडीसाठी ती चालवणारी खासगी कंपनी कोअरसिव्हिक कोर्टात गेली, २०२३ मध्ये जिंकली, आणि जुलै २०२५ मध्ये अपिलातही निकाल कायम राहिला, दोन विरुद्ध एक मताने.

राज्यांचे हात अगदीच बांधलेले नाहीत. इलिनॉयने स्वतःच्या काउंट्यांना आयसीईशी करार करायला मनाई केली, ती टिकली. वॉशिंग्टन राज्यातल्या टॅकोमाच्या कोठडीत स्थानबद्धांना दिवसाला १ डॉलरवर राबवणाऱ्या जिओ ग्रुप या खासगी कंपनीला राज्याचा किमान वेतन कायदा लागू झाला; ज्युरीने कोट्यवधी डॉलर द्यायला लावले. तो कायदा आयसीईसाठी केलेला नव्हता, म्हणूनच चालला.

इंधनाची सवलतही काढता येईल, पण सगळ्याच एअरलाइन्सची. तेव्हा तिकिटं महागली की हाच मजकूर पुढे ढकलणारे किती जण पाठीशी उभे राहतात, ते बघायला आवडेल.