एक्स्टर्नलचं जेवण अन् सगळ्यांना सापडलेलं क्लोराईड

परवा युनिव्हर्सिटीची ऑर्डर आली, बीएस्सी केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलला एक्स्टर्नल म्हणजे बाहेरचा परीक्षक म्हणून जायचंय, आणि कॉलेज नेमकं तेच जिथं दोन वर्षांपूर्वी गेलो होतो. तेव्हापासून जे डोक्यात घोळून राहिलंय ते आज लिहून टाकतो. लांबणार आहे, कंटाळा आला तर लाईक ठोकून पुढं जा.

कॉलेज खारपाण पट्ट्यातलं. पुण्यामुंबईच्या मित्रांसाठी सांगतो, पूर्णा नदीच्या आजूबाजूला अकोला, अमरावती, बुलढाणा जिल्ह्यांत जो खाऱ्या पाण्याचा पट्टा आहे तो. बोअरचं पाणी असं की डाळ शिजता शिजत नाही. बॅच बावीस पोरापोरींची, पेपरात सॉल्ट ॲनालिसिस, म्हणजे दिलेल्या क्षारात काय काय आहे ते ओळखायचं, आणि तासाभरात एकेक जण वही घेऊन यायला लागला तर ज्याच्या त्याच्या वहीत क्लोराईड. मी म्हटलं असं कसं, कारण सॉल्ट मीच सकाळी वाटले होते, सगळे नायट्रेट आणि सल्फेट होते. एका पोरीला म्हटलं, बाई, नीट पाहिलंस का? ती रडकुंडीला आली. "सर, सिल्व्हर नायट्रेट टाकलं की पांढरंच होऊन राहिलं, मी तीनदा केलं."

मग मी स्वतः एक कोरी टेस्ट ट्यूब घेतली, सॉल्ट वगैरे काही नाही, नळाचं नुसतं पाणी, त्यात दोन थेंब सिल्व्हर नायट्रेट, क्लोराईड असलं की ते पांढरं होतं. दूध झालं बाप्पा! क्लोराईड पाण्यातच होतं. प्रॅक्टिकलला लागणाऱ्या डिस्टिल्ड वॉटरच्या, म्हणजे शुद्ध पाण्याच्या, प्लांटची कॉइल जळून वर्ष झालेलं, नवीन कॅन मागवायला मंजुरी नाही, म्हणून पोरं वर्षभर नळाच्या पाण्यातच प्रॅक्टिकल करत होती.

आता खरी गंमत ऐका. बावीसपैकी चौघांचं उत्तर बरोबर होतं. काहून? तर लॅबच्या भाऊनं त्यांच्या कानात आधीच सॉल्टचं नाव सांगितलं होतं. म्हणजे ज्यांनी डोळ्यानं पाहून इमानदारीनं लिहिलं ते सगळे चूक, आणि ज्यांनी कॉपी मारली ते बरोबर. माझ्या हातात मार्कांचा फॉर्म, त्यात सीट नंबर, मार्क आणि सही, बस. "पाणी खराब आहे" हे लिहायला त्यात रकानाच नाही.

मी ज्यांची पद्धत बरोबर होती त्यांना पूर्ण मार्क दिले आणि इंटर्नल, म्हणजे कॉलेजच्याच परीक्षक मॅडमनीही सही केली, त्या बिचाऱ्या तासिका तत्त्वावरच्या, त्या काय बोलणार. पण मला राहवेना. रात्री घरी येऊन एक पानभर लिहिलं, पाण्याचं, बावीस पोरांत सहाच ब्युरेट, म्हणजे मापाच्या काचेच्या नळ्या, होते त्याचं, वाफा बाहेर काढणाऱ्या फ्यूम हूडचा पंखा बंद होता त्याचं, आणि ते पान मार्कलिस्टच्या लिफाफ्यात जोडून पाठवलं. आठ दिवसांनी परीक्षा विभागातून फोन, "सर, तुमचा एक एक्स्ट्रा कागद आलाय, हा कुठं लावायचा?" मी म्हटलं, तुम्हीच सांगा. तो म्हणे, "याची फाईल नाही ना सर आपल्याकडं." कागदाचं पुढं काय झालं देव जाणे.

माझं सगळं म्हणणं या फाईलपाशीच येऊन थांबतं. आपण एक्स्टर्नलला विचारतो की पोरगं कसं आहे. कॉलेज कसं आहे हे विचारतच नाही, आणि बाहेरून येणारा तो एकटाच माणूस असतो ज्याला ते दिसतं.

ब्रिटनमध्ये उलटं आहे. तिकडं डरहॅम युनिव्हर्सिटी १८३२ मध्ये निघाली तेव्हा आमची डिग्री ऑक्सफर्डपेक्षा हलकी नाही हे लोकांना पटावं म्हणून त्यांनी ऑक्सफर्डचेच परीक्षक बोलावले, एक्स्टर्नलची प्रथा तिथून धरतात. आजही तिथला एक्स्टर्नल सहसा स्वतः पेपर तपासत बसत नाही, तो तपासलेल्यातले काही पेपर काढून बघतो की मार्क देणाऱ्यांचा हात सारखा आहे का, दर्जा बाकीच्या युनिव्हर्सिट्यांच्या बरोबरीचा आहे का, आणि वर्षाला रिपोर्ट लिहितो. त्या रिपोर्टला युनिव्हर्सिटीला लेखी उत्तर द्यावं लागतं. उत्तर! आमच्याकडं कागदाला फाईल मिळत नाही. तिकडंही यारीदोस्ती चालतच असेल, माणसंच आहेत शेवटी, पण निदान विचारतात तरी.

तसं आपल्याकडं बाहेरचा परीक्षक ही गोष्ट नवीन नाही. १८५७ च्या मुंबई, कलकत्ता, मद्रास या तिन्ही युनिव्हर्सिट्या लंडनच्या धर्तीवर, म्हणजे शिकवणार कॉलेज आणि परीक्षा घेणार युनिव्हर्सिटी. नागपूर युनिव्हर्सिटी १९२३ ची, त्याआधी नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजची पोरं पहिले कलकत्त्याच्या आणि मग अलाहाबादच्या परीक्षा द्यायची. कलकत्ता नागपूरहून हजार किलोमीटरच्या वर, तिथल्या परीक्षकाला कोण पातोडी रस्सा खाऊ घालणार होतं? आता अमरावती १९८३ ची, गोंडवाना २०११ ची, युनिव्हर्सिटी जवळ आली हे चांगलंच झालं, गडचिरोलीच्या पोराला मार्कशीटसाठी नागपूरच्या चकरा तरी वाचल्या. पण परीक्षकही जवळचा झाला. अमरावती युनिव्हर्सिटीच्या पाच जिल्ह्यांत एका विषयाची माणसं किती असणार, यंदा मी तुमच्याकडं, पुढच्या साली तुम्ही माझ्याकडं, मग कोण कोणाचे मार्क कापणार?

आणि ते जेवण. सकाळी एसटीतून उतरलो की तर्री पोहे, अकराला चहा, दुपारी वांग्याची भाजी, पातोडी, जिलेबी, निघताना संत्र्याची पिशवी. मी खाल्लंय, खोटं काहून बोलू. मग एकदा एका कॉलेजात बाहेर चपला घालताना कानावर पडलं की पोरांनी शंभर शंभर रुपये वर्गणी काढली होती. कपाशी बुडालेल्या घरातलं पोरगं, परीक्षेच्या फीशिवाय वर हे शंभर. त्या दिवसापासून मी डबा नेतो, लोकांना वाटते सर लय शिष्ट झाले.

मोठ्या लेव्हलला तरी वेगळं काय आहे? कॉलेजांना ग्रेड देणारी नॅक १९९४ पासून आहे, तिची तपासणीची पीअर टीम येणार म्हटलं की भिंतींना रंग आणि कुंड्या भाड्यानं. आणि २०२५ च्या फेब्रुवारीत ग्रेडसाठी लाच घेतल्याच्या आरोपावरून सीबीआयनं टीममधल्याच लोकांना अटक केली. पीएचडीला यूजीसीच्या २०२२ च्या नियमात बाहेरचे किमान दोन परीक्षक लागतात, तिथंही "आपला माणूस कोण" हा पहिला प्रश्न.

तरी एक्स्टर्नल बंद करा म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. मी सेकंड इयरला असताना आमच्या एका सरांचा माझ्यावर राग होता, कारण सोडा, चूक अर्धी माझीच होती. व्हायव्हात, म्हणजे तोंडी परीक्षेत, ते मला बोलूच देईनात. अकोल्याहून आलेले एक्स्टर्नल म्हातारे होते, ते म्हणाले, "थांबा जी, त्याला ब्राउन रिंग करून दाखवू द्या." नायट्रेट ओळखायची टेस्ट ती. रिंग आली. तेवढ्यावर मी पास झालो आणि आज इथं शिकवून राहिलोय. बाहेरचा माणूस नसता तर गेलो होतो.

असो. काल त्या कॉलेजच्या प्राचार्यांचा फोन आला होता. मी पहिलंच विचारलं, सर, कॉइल बसली का? ते म्हणाले, "प्रस्ताव पाठवलेला आहे. बरं, जेवणात पातोडी चालन ना तुमाले?"

म्हटलं, डबा आणतो. आणि सोबत डिस्टिल्ड वॉटरचे दोन कॅनही आणतो, पाच पाच लिटरचे. तिकडून जरा वेळ काही आवाजच आला नाही.