सहा गावं मोजून जगाला काय मिळतं? वाटसरूंच्या प्रतिक्रियेला उत्तर

मागच्या पोस्टमध्ये मी लिहिलं होतं की विद्यापीठातल्या संशोधकांनी आपल्या आजूबाजूच्या गावांचे प्रश्न हातात घ्यायला पाहिजेत. त्यावर ‘वाटसरू’ या नावाने एक मोठी कमेंट आली. थोडक्यात सांगायचं तर अशी: “चार गावं फिरायची, शंभर लोकांकडून फॉर्म भरून घ्यायचे आणि पीएचडी पदरात पाडून घ्यायची. ही शितावरून भाताची परीक्षा झाली. जग कुठे चाललंय आणि आपण अजून गावकीतच. त्या गावाच्या बाहेर कुणाला याचा उपयोग? आणि खरं सांगा मॅडम, त्या गावाला तरी काय मिळतं?”

वाटसरू, मी खाली चार ओळींत उत्तर देणार होते पण लिहायला बसले आणि ते काही चार ओळींत मावेना, म्हणून वेगळी पोस्टच टाकतेय. तुमचा शेवटचा प्रश्न मला सगळ्यात जास्त लागला, त्याच्याकडे शेवटी येते.

आधी ‘जग’ म्हणजे काय ते बघू. डॉक्टरकडे गेलं की बीपी किती, कोलेस्टेरॉल किती, सिगारेट ओढता का, असं एका दमात विचारतात. ही यादी आली कुठून? अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात फ्रेमिंगहॅम नावाचं एक गाव आहे. १९४८ साली तिथल्या ५२०९ लोकांची दर दोन वर्षांनी तपासणी करायला सुरुवात झाली, १९७१ पासून बोस्टन युनिव्हर्सिटी त्यात आली, मग त्या लोकांची मुलं, मग नातवंडं, अजून चालूच आहे ते. ‘रिस्क फॅक्टर’, म्हणजे आजाराचा धोका वाढवणारी गोष्ट, हा शब्द आज आपल्याकडे एजंटसुद्धा पॉलिसी विकताना वापरतो, तो रूढ झाला तो या गावाच्या १९६१ सालच्या शोधनिबंधापासून (आम्ही त्याला ‘पेपर’ म्हणतो). एक गाव, आणि त्यात जवळजवळ सगळे गोरे. तिथले आकडे दुसऱ्या देशांतल्या लोकांना लावायला गेले तेव्हा बऱ्याच ठिकाणी ते जुळेनात, पुन्हा बसवून घ्यावे लागले. मग हा लोकल रिसर्च नाही तर काय आहे? फ्रेमिंगहॅमला आपण जग म्हणतो आणि शिरूर-खेडला गावकी म्हणतो, एवढाच फरक आहे आणि तो आपल्या डोक्यात आहे असं माझं स्पष्ट मत आहे.

आता आपल्याकडचं सांगते, पण त्याची सुरुवात इंग्लंडमधे आहे. हर्टफर्डशायर म्हणून तिकडचा एक जिल्हा. १९११ पासून तिथल्या नर्स घरोघरी जाऊन बाळांची वजनं रजिस्टरमधे लिहायच्या, जन्माच्या वेळचं वजन, वर्षाचं झाल्यावरचं वजन, आईचं दूध मिळालं का, असं सगळं. एथेल मार्गरेट बर्नसाइड नावाच्या बाई त्यांच्या प्रमुख होत्या. त्या बायकांना फक्त आपल्या जिल्ह्यातली बाळं जगवायची होती, बाकी काही नाही. सत्तरएक वर्षांनी साउदॅम्प्टन विद्यापीठातल्या डेव्हिड बार्कर यांच्या टीमने ती रजिस्टरं हुडकून काढली आणि त्यातल्या ५६५४ पुरुषांचं पुढे काय झालं ते शोधलं. वर्षाचे असताना ज्यांचं वजन सगळ्यात कमी होतं त्यांच्यात हार्टच्या आजाराने मेलेले सगळ्यात जास्त निघाले. १९८९ सालचा हा पेपर. म्हातारपणीच्या आजाराचं मूळ पाळण्यात असू शकतं, ही गोष्ट एका जिल्ह्याच्या बाळांच्या वजनाच्या वह्यांतून बाहेर आली.

आणि तिथून धागा आला पुण्याला. केईएम हॉस्पिटलच्या संशोधन केंद्रात डॉ. चित्तरंजन याज्ञिक, त्यांच्याबरोबर साउदॅम्प्टनची मंडळी, आणि पुण्याजवळची सहा गावं. १९९३ च्या सुमाराला काम सुरू झालं. वाटसरू, तुम्ही म्हणता फॉर्म भरून घेतात. इथे काय केलं बघा. गावातल्या दोन हजारांवर लग्न झालेल्या बायकांच्या घरी दर महिन्याला जायचं आणि पाळीची तारीख विचारून लिहून घ्यायची. दर महिन्याला! कशासाठी, तर दिवस राहिलेले लवकरात लवकर कळावेत आणि पोटातल्या बाळाची वाढ पहिल्यापासून बघता यावी. सासूसमोर पाळीची तारीख सांगायची म्हणजे त्या काळात काय असेल, ज्या बायका खेड्यात नांदल्यात त्यांना विचारा. हा विश्वास एका दिवसात येत नाही, शहरातून गाडी करून आलेल्या माणसाला तर नाहीच नाही.

त्या आयांची सरासरी उंची १ मीटर ५२ सेंटिमीटर, अंगाने बारीक, शेतातलं काम, पाणी भरणं, सगळं चालूच. बाळं झाली ती सरासरी २.७ किलोची. साउदॅम्प्टनची बाळं ३.५ किलोची. इथपर्यंत काही नवल नाही, आपली बाळं लहान असतात हे सगळ्यांना माहितीच होतं. पण या लोकांनी नुसतं वजन करून सोडून दिलं नाही. जन्मल्यावर पहिल्या दोन-तीन दिवसांतच बाळाच्या पाठीवर, खांद्याच्या हाडाच्या खाली, कातडीची घडी चिमटीत धरून कॅलिपरने, म्हणजे जाडी मोजायच्या चिमट्याने, तिची जाडी मोजली. तिथे घोळ निघाला. बाळाचा दंड बारीक, पोट लहान, स्नायू कमी, सगळं इंग्लंडच्या बाळापेक्षा खूप कमी, पण त्या घडीतली चरबी मात्र जवळजवळ तेवढीच! हाडं मोजावीत असं बाळ आणि आत चरबी राखून ठेवलेली. ‘थिन-फॅट बेबी’ हे नाव तिथून पडलं. आपल्याकडे पोट सुटलेलं नसताना, वय चाळिशीच्या आत असताना माणसाला शुगर का निघते, या कोड्याचा एक मोठा तुकडा त्या चिमटीत सापडला.

याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन या दोघांचा एक फोटो २००४ साली लॅन्सेट या वैद्यकीय मासिकात छापून आला होता, वर्गात मी तो दरवर्षी दाखवते. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती त्याचा आकडा, अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. अकरावीतली पोरं आधी हसतात आणि मग एकदम शांत होतात कारण प्रत्येकाला आपले काका नाहीतर वडील आठवतात. बीएमआय २५ च्या खाली म्हणजे सगळं ठीक हा हिशोब आपल्याला लागू पडत नाही. आशियातल्या लोकांसाठी २३ पासूनच लक्ष द्या असं त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी सांगितलं. हे एकट्या पुण्याच्या अभ्यासामुळे झालं असं मी म्हणत नाही, बऱ्याच देशांतली माहिती त्यात होती. पण अशा ठिकठिकाणच्या लोकल मोजमापाशिवाय ते झालंच नसतं.

आता तुमचं शीत आणि भात. शितावरून भाताची परीक्षा होते, बरोबर आहे, पण भात एकाच पातेल्यातला असला तर. फ्रेमिंगहॅमचं शीत दाबून आपला भात शिजला की नाही ते कसं कळणार? त्यासाठी आपलंच पातेलं उघडावं लागतं. आणि या सहा गावांचं खरं काम मला वाटतं निराळंच आहे, त्यांनी सगळ्या जगाला उत्तर दिलं नाही, कुठेही नेऊन विचारता येईल असा प्रश्न दिला. बाळ लहान आहे हे ठीक, पण लहान म्हणजे नेमकं काय कमी आहे?

हा प्रश्न कुठपर्यंत गेला ऐका. दक्षिण अमेरिकेत सुरीनाम म्हणून देश आहे, १८७३ पासून आपल्या उत्तरेकडच्या मजुरांना जहाजात घालून तिथे उसाच्या मळ्यांवर नेलं होतं. त्यांच्या चौथ्या-पाचव्या पिढीची बाळं डॉक्टरांनी याच पद्धतीने मोजली, २००९ सालचा पेपर आहे. तीसुद्धा तशीच, अंगाने बारीक आणि आत चरबी. हवापाणी बदललं, देश बदलला, शंभर-सव्वाशे वर्षं गेली तरी! मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा अंगावर काटा आला होता.

अजून एक गोष्ट, ती बी-१२ या व्हिटॅमिनची. पुण्याच्या त्या आयांपैकी निम्म्याहून जास्त जणींच्या रक्तात बी-१२ कमी होतं, फोलेट या दुसऱ्या व्हिटॅमिनची मात्र फारशी उणीव नव्हती. मुलं सहा वर्षांची झाल्यावर बघितलं तर ज्यांच्या आयांचं फोलेट जास्त आणि बी-१२ कमी, त्या मुलांच्या शरीरात इन्सुलिनला दाद न देण्याची, म्हणजे पुढे शुगरकडे नेणारी, लक्षणं सगळ्यात जास्त. आपल्याकडे गरोदर बाईला लोह आणि फॉलिक अॅसिडच्या (म्हणजे फोलेटच्याच) गोळ्या सरकारी दवाखान्यातून मिळतात, त्या चांगल्याच आहेत, कृपा करून कुणी बंद करू नका. पण नुसत्या तेवढ्याने भागतं का हा प्रश्न उभा राहिला, आणि बी-१२ मिळतं ते दूध, अंडी, मटण-मासे यांतून, म्हणून जिथे जिथे बायका ते कमी खातात तिथे तिथे तो उभा राहणारच, कधी परवडत नाही म्हणून, कधी चालत नाही म्हणून, कधी सगळ्यांचं झाल्यावर उरलं तर खायचं म्हणून.

आता तुमचा शेवटचा प्रश्न. गावाला काय मिळतं?

पुण्याच्या अभ्यासाचं सांगायचं तर ती मुलं सहाव्या, बाराव्या, अठराव्या वर्षी पुन्हा पुन्हा तपासली गेली आणि २०१२ पासून त्यांच्यातल्याच वयात आलेल्या मुलामुलींना बी-१२ देऊन पुढच्या पिढीच्या बाळांवर काय परिणाम होतो ते बघायचं काम सुरू झालं. म्हणजे गावातून उचललेला प्रश्न गावात परत आला. पण सगळीकडे असं होत नाही, आणि इथे मी तुमच्याशी पूर्ण सहमत आहे.

मी एमएस्सीला असताना दोन उन्हाळे एका विहिरींच्या सर्व्हेवर मदतनीस म्हणून काम केलं. टेपला वजन बांधून विहिरीत सोडायचा, पाण्याला टेकला की वरती ‘टप्प’ असा बारीक आवाज येतो, तो ऐकायला काठावर अक्षरशः आडवं पडावं लागायचं, मग आकडा वहीत. छत्तीस विहिरी होत्या. एक आजी रोज ताक द्यायच्या आणि रोज एकच विचारायच्या, “पोरी, मापून झाल्यावर आमाला सांगशीला ना?” मी रोज हो म्हणायचे. प्रबंध झाला, डिग्री मिळाली, बाईंडिंग केलेली कॉपी लायब्ररीत गेली आणि गावात एक कागदसुद्धा गेला नाही. मी तेव्हा लहान होते वगैरे कारणं मी देणार नाही, हो मी म्हणाले होते आणि सांगितलं नाही.

तुमची कमेंट वाचून मी माळ्यावरची ती वही काढली. त्यातले आकडे एका मोठ्या कागदावर नीट लिहिले आणि मागच्या रविवारी त्या गावात गेले. आजी आता नाहीत. त्यांच्या मुलाने कागद हातात घेतला, बोट फिरवत स्वतःची विहीर शोधली आणि म्हणाला, “मे महिन्यात बावीस फुटावर पाणी? आता फेब्रुवारीतच तळ दिसतो ओ.” मग आम्ही ग्रामपंचायतीत गेलो, तिथे कागद भिंतीला लावला, आठ-दहा जण जमले आणि कुणाच्या बोअरनंतर कुणाची विहीर आटली यावरून तासभर चांगलीच वादावादी झाली, वही मधे ठेवून. निघताना ग्रामसेवकांनी विचारलं की यंदाचं माप कोण घेणार.

या रविवारी अकरावीतल्या दोन मुली टेप घेऊन माझ्याबरोबर येतायत. छत्तीसपैकी सात विहिरी बुजवल्यात असं कळलं, राहिल्या एकोणतीस. वाटसरू, तुम्ही कुठल्या तालुक्यातले ते लिहिलं नाहीत. जवळपास असाल तर सकाळी सातला या, काठावर आडवं पडून आवाज ऐकायला अजून एक माणूस लागणारच आहे.