"इथे धान्य कुठून यायचं रे?"

आज दुपारी जेवायला आलेल्या पाहुण्यांनी एक रील दाखवली. इंग्रज आणि फ्रेंच शंभर वर्षं लढले, हाती आला भोपळा! वर यांची मल्लिनाथी, "भित्रेच हो सगळे." ताटावर होतो म्हणून गप्प बसलो. आता नाही बसवत.

काही वर्षांपूर्वी बाबांना वेल्समधला हार्लेकचा किल्ला दाखवायला नेलं होतं. बाबांची उभी नोकरी एसटी डेपोच्या स्टोअरमध्ये गेली. मी बुरूज दाखवतोय आणि हे विचारतायत, "इथे धान्य कुठून यायचं रे?" तेव्हा वैतागलो होतो. पण खरा प्रश्न तोच आहे.

अ‍ॅजिनकोर्ट घ्या. याच युद्धातली फ्रान्समधली लढाई, ऑक्टोबर १४१५. इंग्लंडचा राजा पाचव्या हेन्रीने फ्रेंच सरदारांची फळीच्या फळी कापली. मग पॅरिस घेतलं? छे, इंग्रजांच्या ताब्यातलं कॅले बंदर गाठलं आणि घरी गेला! त्याआधी आर्फ्लर हे एक बंदर घेता घेताच हगवणीने सैन्य पोखरलं होतं. क्रेसीच्या लढाईचंही तेच. १३४६ला इंग्रजांनी मैदान मारलं आणि मग एकट्या कॅलेपुढे ११ महिने तळ. सरंजामी चाकरी साधारण ४० दिवसांची, पुढे रोख पगार मोजा. ४० दिवसांत आमच्या सोसायटीची टाकी दुरुस्त होत नाही, हे तटबंदीची शहरं कशी घेणार?

मग जाळपोळ करत फिरायचं. १३५५ला इंग्रज युवराज ब्लॅक प्रिन्स बोर्दोहून नार्बोनपर्यंत तसाच गेला. कार्कासोनची खालची वस्ती पेटवली, वरच्या कोटाच्या वाटेला गेला नाही. लूट आली, मुलूख नाही. यात शौर्य नाही, कबूल.

आणि हो, नॉर्मंडीच्या ड्यूक विल्यमने १०६६नंतर इंग्लंड घेतलं, माहितीये. पण तिथे इंग्लंडचा राजा हॅरॉल्ड आणि त्याचे दोन भाऊ एकाच दिवशी पडले, आणि वाटेत दगडी किल्ले जवळपास नव्हतेच.

हार्लेकला होता. इंग्रजांविरुद्धच्या १२९४च्या बंडात वेल्श लोकांनी वेढा घातला, आत माणसं चाळीसहूनही कमी. तरी पडला नाही, कारण समुद्राच्या अंगाच्या पायऱ्यांवरून आयर्लंडचं धान्य वर चढत होतं. बाबांना हे सांगितलं तर म्हणाले, "म्हणजे स्टोअर चालू होतं." आणि दुखऱ्या गुडघ्यांनी त्या पायऱ्या बघायला निघाले.

पाचव्या हेन्रीने पुढे फ्रान्समधली नॉर्मंडी घेतली खरी. पण कशी? १४१८च्या हिवाळ्यात तिथल्या रुआँ शहरातलं धान्य संपत आलं, तेव्हा शहराने म्हातारी माणसं, बायका, पोरं वेशीबाहेर काढली. हेन्रीने त्यांना वाट दिली नाही. तट आणि छावणी यांच्यामधल्या खंदकात ती माणसं थंडीने, भुकेने मेली. हे लिहिताना पाहुण्यांवरचा रागही गेला माझा.

१४५०पर्यंत ती नॉर्मंडीही गेली.

बाबांना आत्ता वाचून दाखवलं. म्हणाले, "तीस वर्षं तिथल्या शिबंदीचा पगार कोण देत होतं?"

बराचसा तिथल्याच लोकांच्या करातून, म्हटलं, आणि शेवटी शेवटी तोही थकायचा.

"मग बरोबर," म्हणाले आणि टीव्ही लावला.