ग्रेन नाहीत, म्हणून सगळीकडे सारखं?

बेळगावच्या उद्यमबागेतल्या फौंड्रीवाल्यांत, म्हणजे धातू ओतणाऱ्यांत, सध्या एक मजकूर फिरतोय. ‘मेटॅलिक ग्लासमध्ये ग्रेन नसतात, म्हणून तो आरपार एकसारखा. कमजोर जागाच नाही, म्हणून तुटत नाही. लोखंडी कास्टिंगचे दिवस संपले.’ मला तो चौघांनी पाठवला. आमच्या शेडमधल्या एका मोल्डरने, म्हणजे साचे करणाऱ्याने, तर हातातलं काम थांबवून विचारलं, “मग आमचं काय ओ सर?”

धातू गोठताना अणू रांगेत बसून जे बारीक कण होतात, ते ग्रेन. मेटॅलिक ग्लास म्हणजे रांगा न लागताच गोठलेला धातू, त्यामुळे त्यात ग्रेन नसतात, हे खरं. 1960 मध्ये अमेरिकेत कॅलटेकला पॉल ड्यूवेझ यांच्या गटाने सोनं-सिलिकॉनचा रस सेकंदाला सुमारे दहा लाख अंश वेगाने थंड केला आणि अणूंना रांगेत बसायला वेळच मिळाला नाही. याचा धाकटा भाऊ आपण रोज बघतो. लोखंडाचा रस कसा गोठतो ते बघायच्या चिल टेस्टचा वेज, म्हणजे पाचरीसारखा तुकडा, हातोडीने फोडला की पातळ कड पांढरी आणि जाड बाजू करडी दिसते. लॅडल, म्हणजे रस ओतायचं भांडं, एकच, रस एकच. कडेला कार्बनचं ग्रॅफाइट व्हायला वेळ मिळाला नाही, एवढंच.

घोळ आहे तो ‘म्हणून एकसारखा’ यात. लोखंडाचा कडकपणा मोजायच्या ब्रिनेल टेस्टला आपण 10 मिलिमीटरचा गोळा 3000 किलोने दाबतो. त्या ठशाखाली ग्रॅफाइटचे असंख्य पापुद्रे येतात, तरी आकडा एकच मिळतो. तो आकडा सरासरीचा. अतिशय बारीक टोकाची सुई फिरवली तर चित्र बदलतं. 2011 मध्ये पॅलेडियम-तांबे-सिलिकॉनच्या ग्लासवर तसं मोजलं, तेव्हा दहा नॅनोमीटरच्या आतच ताठरपणा कमीजास्त होताना दिसला. खानापूरची गच्च बस आठवा. रांग नसते, पण कुठे श्वास घ्यायला जागा नाही आणि कुठे कोपर हलवण्याइतकी मोकळीक असते. ब्रेक लागला की हीच मोकळी माणसं आधी सरकतात. ग्लासमध्येही ताण आला की अशा सैल जागांतले काही डझन अणू आधी हलतात.

‘तुटत नाही’ तर साफ उलटं आहे. जवळजवळ दोन टक्के ताणूनही तो परत मूळ मापावर येतो, हे कौतुकाचंच. पण ती हद्द ओलांडली की सगळी सरक 10-20 नॅनोमीटर जाडीच्या एका पट्ट्यात गोळा होते. पोलादात ग्रेनच्या सीमा वाट अडवतात, शिवाय धातू वाकता वाकता कडक होत जातो. इथे पट्टा उलट मऊ पडतो. ओढून बघितलं तर बहुतेक वेळा एकच पट्टा आरपार जातो आणि तुकडा पडतो.

आता मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. हा उणाअधिकपणा दोष नाही, थोडंफार वाकणं त्याच्यामुळेच जमतं. कास्टिंगमधला ताण काढायला आपण भट्टी लावतो. तीच माया ग्लासला दाखवली तर अणू दाटून बसतात, सैल जागा कमी होतात. ट्रान्सफॉर्मरच्या अमॉर्फस कोअरची, म्हणजे मेटॅलिक ग्लासच्या गाभ्याची, पट्टी साधारण 25 मायक्रॉन जाड असते. नवी असताना दुमडता येते, पण भट्टीतून काढली की पापडासारखी मोडते. याची उलट बाजू 2015 मध्ये दिसली. ग्लासचे तुकडे द्रव नायट्रोजनमध्ये, म्हणजे उणे 196 अंशांत, पुन्हा पुन्हा बुडवले आणि ते जास्त वाकू लागले. आत सगळं सारखं असतं तर सगळं सारखंच आकसलं असतं आणि काहीच घडलं नसतं. जागोजागी आकसणं वेगळं, म्हणून आत ताण आला आणि अणू पुन्हा विस्कटले.

राहिले कास्टिंगचे दिवस. 1993 चा व्हिट्रेलॉय नावाचा झिर्कोनियमचा ग्लास सेकंदाला एखाद्या अंशाने थंड केला तरी चालतो, तरीही काही सेंटीमीटर जाडीपुढे जमत नाही. वर त्यात बेरिलियम असतं, ज्याची वाफ आणि धूळ फुप्फुसाला घातक.

मोल्डरला एवढंच म्हणालो, “पंपाची बॉडी त्यात ओतायची तर आधी झिर्कोनियमचा भाव विचारून ये.” तो हसला आणि साच्याचा बॉक्स क्लोज करायला गेला.